पेढीवरील भाषासमिती

चालताना चार हात जमीन पाहून मगच पाऊल टाकावे, ही ईर्यासमिती आपल्या घरातील मुलांनाही ठाऊक असते. तिच्या लगोलग येणारी भाषासमिती मात्र आपण मुनिराजांकडे सोपवून मोकळे झालो आहोत. वास्तविक गृहस्थाच्या वाणीचाही विचार आचार्यांनी बारकाईने केला आहे. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांपैकी कूटलेखक्रिया म्हणजे खोटा लेख आणि न्यासापहार म्हणजे दुसऱ्याची ठेव लाटणे. हे दोन व्यापाऱ्याला समजावून सांगावे लागत नाहीत. परंतु रहोभ्याख्यान आणि साकारमंत्रभेद पाहावेत. एकांतातील गोष्ट उघड करणे, आणि मुद्रेवरून ओळखलेले दुसऱ्याचे मनोगत चारचौघांत मांडणे. येथे उच्चारलेला शब्द खराही असू शकतो, तरी तो अतिचारच. ‘मी खरे तेच बोललो’ हा भांडणातील आपला आवडता बचाव शास्त्राने असा आधीच काढून घेतला आहे.

एक प्रसंग कल्पू. दोन भावांची कापडाची पेढी आहे. धाकट्याने एका गिऱ्हाइकाला चार लाखांचा माल उधारीवर दिला, मुदत उलटून दोन महिने झाले, वसुली नाही. मुनीम आणि नोकरांसमोर थोरला म्हणतो, ‘कुणाला किती द्यावे याची तुला कधीच अक्कल नव्हती.’ चार लाख कदाचित येतील. ते वाक्य मात्र पुढे वाटणीच्या बैठकीत, वीस वर्षांनीसुद्धा, जसेच्या तसे निघते. पैशाचा प्रश्न माणसाच्या लायकीचा झाला की हिशेब करण्याजोगे काही उरतच नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शल रोझेनबर्ग (1934–2015) यांनी अशा प्रसंगांसाठी एक पद्धती घालून दिली व तिच्या प्रसारासाठी 1984 मध्ये केंद्र स्थापन केले. तिला त्यांनी अहिंसक संवाद म्हटले आणि ‘अहिंसा’ हा शब्द आपण गांधीजींच्या अर्थाने वापरतो असे सांगितले. (गांधीजींवर ज्यांचा खोल ठसा उमटला ते श्रीमद् राजचंद्र मुंबईचे जवाहिरे होते. शब्द बराच प्रवास करून पेढीवर परतला म्हणायचा!) पद्धतीची अंगे चार: जे घडले ते निवाडा न देता सांगणे, त्याने मनात काय उठले ते सांगणे, त्यामागची गरज ओळखणे आणि नेमकी विनंती करणे.

यांतील दुसरे अंग मराठी माणसाला विशेष अवघड जाते, कारण आपले ‘वाटणे’ दुहेरी काम करते. ‘मला काळजी वाटते’ ही भावना झाली. ‘मला वाटते, तू बेफिकीर आहेस’ हा न्यायनिवाडा झाला. क्रियापद एकच असल्याने आपण आरोप करतो आणि मन मोकळे केल्याचे समाधान मिळवतो. ओळखण्याची खूण सोपी आहे: ‘वाटते’नंतर ‘तू’ आला की बहुधा भावना संपलेली असते.

थोरल्याने नोकर गेल्यावर असे म्हणून पाहावे: ‘त्या खात्यावर चार लाख बाकी आहेत, मुदत संपून दोन महिने झाले. पुढच्या आठवड्यात सुरतेचे बिल चुकते करायचे आहे, म्हणून मला धास्ती वाटते. उद्या आपण दोघे त्यांच्याकडे जाऊ या का?’ रक्कम तीच, कडकपणाही शाबूत. ही विनंती आहे की हुकूम, हे मात्र धाकटा ‘नाही’ म्हणाल्यावर कळेल. नकार ऐकताच थोरल्याचा आवाज चढला, तर तो हुकूमच होता. कदाचित त्या नकारामागे, गिऱ्हाइकाच्या घरी आजारपण आहे आणि त्याने महिनाभराची मुदत मागितली आहे, अशी थोरल्याला न कळलेली बाब असेल. स्याद्वादावरचे व्याख्यान आपण मान डोलावून ऐकतो; सख्ख्या भावाच्या बाजूलाही एखादा नय असू शकतो, हे मानणे जड जाते.

उधारीहून कठीण विषय बहिणीच्या हिश्श्याचा. हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे. 2005 च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि त्यासाठी वडील दुरुस्तीच्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. तरीही कित्येक घरांत हा विषय बोलला जात नाही. सहीसाठी कागद तेवढा पुढे सरकवला जातो. या मौनाला वचनगुप्ती म्हणता येणार नाही. भावांनीच तो विषय काढावा, तोही तिच्या सासरच्या मंडळींसमोर किंवा लग्नाच्या गडबडीत काढू नये, आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर तर मुळीच नाही. तेथे आवाजातला ओलावा पोहोचत नाही, शब्द तेवढे कायमचे राहतात.

आपल्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकतात. ज्या घरी दुकानही वेळेवर बंद होते, तेथे त्यानंतरचा तासभर अशा बोलण्यास बरा. कागद बाजूला असावेत, आईला जवळ बसवावे, आणि बहिणीला पहिला प्रश्न एवढाच विचारावा, ‘तुला काय हवे आहे?’ मग तिचे बोलणे पुरते संपेपर्यंत कोणी मध्ये बोलू नये.