थंड पडणाऱ्या भट्ट्या

अमेरिकेत पिट्सबर्गच्या दक्षिणेला, मोनोंगहेला नदीकाठी शार्लरॉय हे लहानसे गाव आहे. तिथला काचकारखाना १३० वर्षांहून अधिक काळ धगधगत होता. सप्टेंबर २०२४ मध्ये मालक कंपनीने उत्पादन ओहायोतल्या लँकेस्टरला नेण्याचे ठरवले आणि पुढच्या वर्षी कारखान्याला टाळे लागले. सुमारे ३०० कामगारांच्या पोटावर पाय आला.

याच कारखान्यात १९३० च्या दशकात मॅकबेथ-इव्हान्स कंपनीच्या ‘अमेरिकन स्वीटहार्ट’ बशा निघत. वितळलेल्या काचेचा गोळा लोखंडी साच्यात पडे, वरून दट्ट्या दाबला जाई आणि नक्षीसकट बशी तयार. तिचा दुधी नमुना उजेडासमोर धरला, तर पातळ कडेला निळसर झाक दिसते. मंदीने पिचलेल्या घरांनाही परवडणारी ही बशी आज संग्राहक शोधून शोधून घेतात. पुढे इथेच पायरेक्सची भांडी बनली. मालाची किंमत वाढत गेली. तो घडवणारे गाव मात्र हिशेबातच धरले गेले नाही.

काचेची मोठी भट्टी वर्षानुवर्षे अखंड पेटती ठेवावी लागते. निवली की आतल्या विटांना तडे जातात. पैसा ओतून नवी भट्टी उभारता येईल, पण नुसत्या रंगावरून काचेचा ताव ओळखणारी माणसे एकदा पांगली, की पुन्हा कुठून गोळा करणार?

ही हळहळ दूरची नाही. मॅकबेथ-इव्हान्सचा मूळ धंदा दिव्याच्या चिमण्यांचा. आपल्याकडेही कराडजवळच्या ओगलेवाडीत ओगल्यांच्या काचकारखान्यातून ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी गेले. त्याआधी अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून, लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून, तळेगावला काचकारखाना उभा राहिला होता. लोकमान्य टिळकांचे त्याला पाठबळ होते. एवढ्या उद्योगाचे आपण काय जपले? ओगल्यांचा कारखाना कधीच बंद पडला आणि तिथे राबलेली माणसे आता थकली आहेत.

सरकारने आणि विद्यापीठांनी आता चालढकल करू नये. कामगारांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात, उरलेले साचे, मालाच्या याद्या आणि हिशेबाच्या वह्या ताब्यात घ्याव्यात, आणि हे काम याच अर्थसंकल्पात तरतूद करून सुरू करावे. लोखंडी साच्याला भंगारवाला वजनावर भाव देतो आणि तो कुणाच्या परवानगीसाठी थांबत नाही.