पुस्तक मिटल्यावर

तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडाली आणि तेरा दिवसांनी तरली, ही कथा देहूत आजही सांगितली जाते. अभंग लोकांच्या मुखी होते म्हणून गाथा तरली, असा तिचा लौकिक अर्थ अनेकांनी लावला आहे. साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी तो गांभीर्याने घ्यावा, असे आम्हांला वाटते.

त्याच इंद्रायणीकाठी, आळंदीत, जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तिथला विद्यार्थी अभंग पाठ करतो. पुढे कीर्तनात उभे राहून त्यांचे निरूपणही त्याला करायचे असते. पलीकडे भोसरी-चाकणच्या कारखान्यांत शिकाऊ कामगार यंत्रावर हात बसवतो. माहितीपुस्तिका दहादा वाचून लेथ चालवता येत नाही.

आमच्या वर्गांत मात्र अभ्यास म्हणजे पुन्हा वाचणे. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ सालच्या प्रयोगात पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे सरस ठरले. आठवड्यानंतर मात्र, मजकूर न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केलेले. पुनर्वाचनाने मजकूर ओळखीचा होतो आणि त्या ओळखीलाच आपण ज्ञान समजून बसतो.

‘ही तर घोकंपट्टीच!’ असा आक्षेप येईल. परंतु घोकताना मजकूर डोळ्यांसमोर असतो, त्याच शब्दांत. स्वतःच्या शब्दांत आठवू लागले की न कळलेली जागा तत्काळ उघडी पडते. म्हणून कविता वाचावी, पुस्तक मिटावे, तिचा आशय आणि रचना कोऱ्या कागदावर मांडावी. मग मूळ संहिता पाहून दुरुस्ती करावी. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने पुन्हा तेच करावे. अंतर राखून केलेली उजळणी अधिक टिकते, हे एबिंगहाउसने १८८५ सालीच नोंदवले आहे. अखेरीस ती कविता सहाध्यायाला समजावून सांगावी. निरूपण म्हणजे तरी दुसरे काय?

या पट्ट्यात पाळी संपवून शिकायला येणाऱ्यांच्या हाती दिवसाचा जेमतेम एक तास उरतो. अभ्यास कसा करावा हे त्यांना न सांगता, नापास झाल्यावर ‘कष्ट कमी पडले’ असे म्हणणे अन्यायाचे आहे. प्रत्येक तासिकेची पहिली पाच मिनिटे मागचे आठवून लिहिण्यासाठी द्यावीत, आणि त्याला गुण देऊ नयेत. एवढे तर आम्हां शिक्षकांच्या हाती खचित आहे.