टाइल्स नंतर, आधी घर समजून घ्या!

होम लोनचे हप्ते अंगवळणी पडले, की डोक्यात नवा किडा वळवळायला लागतो : रिनोव्हेशन! मग वीकेण्ड टाइल्सच्या शोरूममध्ये आणि फोनमध्ये नुसते बाथरूम्सचे फोटो. सगळं एकदम सही. गोची एवढीच, की आपण एकेका खोलीचा विचार करतो. घर मात्र तसं वागत नाही.

बाथरूमच घ्या. फोडाफोडी नको म्हणून जुन्या टाइल्सवरच नव्या बसवल्या. काम झटपट! पण बाथरूमची जमीन खोलीपेक्षा थोडी खाली असते, ती पाणी बाहेर येऊ नये म्हणूनच. नव्या थराने तो फरक खाल्ला. आता शॉवरचं पाणी थेट बेडरूममध्ये आणि दार घासतंय म्हणून सुतार घरात. त्यात जुनं वॉटरप्रूफिंग आधीच गेलेलं असेल, तर खालच्या मजल्यावरचे काका सोसायटीच्या मीटिंगमध्ये भेटतीलच.

मग आयडिया निघते : हॉलचीही लेव्हल उचलू! जुन्या फरशीवर दोन इंच मसाला आणि टाइल्स म्हणजे १०० चौरस फुटांना साधारण एक टन वजन. माणसं आणि फर्निचर यांच्यासाठी स्लॅबच्या डिझाइनमध्ये चौरस मीटरला २०० किलो धरतात. त्यातला निम्म्याहून जास्त वाटा तुमच्या फ्लोअरिंगनेच संपवला.

आता जरा सीरियस. बाथरूमची काचपट्ट्यांची खिडकी काढून तिथे स्टायलिश फिक्स्ड काच बसवली आणि आत गॅस गीझर असेल, तर कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो. त्याला ना रंग, ना वास. आंघोळीला गेलेला माणूस बेशुद्ध पडतो, जीवही जातो. बदलली फक्त खिडकी, बिघडली घरातली हवा. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच हवा. तो ड्राय बाल्कनीत असेल, तर ती बाल्कनी बंद करू नका.

म्हणून शोरूमच्या आधी फ्लॅटचा प्लॅन आणि चार रंगांची पेनं घेऊन बसा. पाणी कुठून कुठे जातं, वीज कुठून येते, हवा कशी खेळते, वजन कशावर आहे, हे त्यावर काढा. मग प्रत्येक बदल कोणकोणत्या रेषांना धक्का देतो, ते बघा. भिंत पाडायची असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनीअर आधी, हातोडा नंतर. जुन्या लोड-बेअरिंग इमारतींत स्लॅब भिंतींवरच उभा असतो, बॉस!

आणि टाइल्सचा रंग? तो सगळ्यात शेवटी. त्यावरून घरात भांडण तर होणारच आहे!