कपाटामागची भिंत

गेल्या पावसाळ्यात वरच्या घरातल्या बाथरूमचा पाइप भिंतीच्या आत फुटला आणि आमच्या आतल्या खोलीत पाणी उतरले. प्लंबरने पाइप बदलला. आम्ही आठ दिवस पंखा लावून ठेवला, भिंतीला हात लावून पाहिला, कोरडी लागली. पुट्टी भरून रंग मारला आणि विषय मिटला असे समजलो.

दोन महिन्यांनी अम्मींचा खोकला सुरू झाला. रात्री त्या खोलीत जास्त, दिवसा बाहेर बैठकीत बसल्या की कमी. वयामुळे होतो, असे आम्हीच ठरवून टाकले. त्या मात्र रोज म्हणत, "या खोलीत सीलन आहे, वास येतो." उर्दूतली सीलन म्हणजे आपली ओल. वर्गात मुलांना ‘प्रयोग करून पाहा’ सांगणारे आम्ही, घरी साधे नाकाचे म्हणणे मानायला तयार नव्हतो. एकदा साफसफाईसाठी लोखंडी कपाट पुढे ओढले, तर मागे हातभर काळी-हिरवी बुरशी. अम्मी काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

भिंतीचा वरचा थर आधी वाळतो. आतल्या विटा आणि गिलावा पाणी धरून बसतात. त्यावर आम्ही रंग दिला म्हणजे ओलीवर झाकणच घातले. ओल राहिली तर बुरशी २४ ते ४८ तासांतही धरू लागते.

म्हणून गळती थांबल्यावर भिंत तपासायची ती अशी. रात्रभर दारे-खिडक्या बंद ठेवून सकाळी खोलीत शिरताच वास घ्या. कुबट वास तेव्हा लपत नाही. कपाट, पलंग, पडदे यांच्या मागे टॉर्च तिरपी धरून पाहा, फुगलेला रंग सावलीने कळतो. स्कर्टिंगच्या वरची पट्टी आणि त्याच भिंतीची पलीकडची बाजूही बघा. नाण्याने ठोकत गेलात की सुटलेला गिलावा पोकळ वाजतो. ओलीच्या जागी स्विचबोर्ड असेल तर हात लावू नका. मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आणखी एक बिनखर्ची परीक्षा. फूटभर जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा, दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतली वाफ. तिथे खिडकी उघडणे हा उपाय. पांढरी भुकटी दिसली की लोक बुरशी म्हणून घाबरतात. तिच्यावर पाणी शिंपडा. विरघळली तर तो विटांतला क्षार. पण क्षार वर आला म्हणजे पाणी भिंतीतून वाहिले, हेही खरेच.

आम्ही प्लास्टिक लावले, ओले निघाले. महिन्याने पुन्हा लावले, पुन्हा तितकेच ओले. वाळणारी भिंत इतक्या दिवसांत थोडी तरी कमी व्हायला हवी होती, म्हणजे पाणी अजून येत होते. वरच्या आपा चिडल्या, "पाइप बदलला ना आम्ही?" त्यांचेही चूक नव्हते. शेवटी त्यांच्याच बाथरूमच्या नहाणी ट्रॅपला बोळा कोंबून, कपड्याचा निळा रंग घातलेले पाणी २४ तास साठवले. दुसऱ्या दिवशी आमच्या छताच्या कोपऱ्यात निळसर डाग. ट्रॅपभोवतीचा सांधा उघडा होता. डाग बघायला आपा स्वतः खाली आल्या, आणि भांडण तिथेच संपले.

बुरशी काढताना मास्क, हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. कोरडी खरवडू नका, धूळ छातीत जाते. ओल्या फडक्याने साबणाच्या पाण्याने पुसा. संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी वायू सुटतो. अम्मींना त्या दिवशी आम्ही घराबाहेरच ठेवले. सुटलेला गिलावा विटांपर्यंत काढून टाकला. खोकल्यासाठी डॉक्टरांकडेही नेले, तेही उशिराच.

पुढच्याच महिन्यात मुलीला पाहायला पाहुणे यायचे होते. घरात सगळे म्हणाले, एक हात रंग मारून घेऊ, कोण बघतो आत? आम्ही नाही म्हटले. पाहुणे आले तेव्हा विटा तशाच उघड्या होत्या. मुलाच्या आईने विचारले, हे काय? अम्मी आमच्याआधी उत्तर देऊन मोकळ्या झाल्या, "वाळतेय. अजून प्लास्टिक ओलं येतं."