रीत दाखवणारे यंत्र

किराणा दुकानातले साधे गणकयंत्र घ्या आणि दोन अधिक तीन गुणिले चार अशी बटणे ओळीने दाबा. उत्तर बहुधा २० येईल. तेच मोबाइलवर केले, की १४. यंत्रे दोन्ही शाबूत आहेत. साधे यंत्र हातात येईल तसे सोडवत जाते. मोबाइल मात्र शाळेत आपण घोकलेले ‘कंचेभागुबेव’ पाळतो. मुलांच्या घोळक्यात हा प्रयोग करायला मला आवडते, कारण लगेच भांडण जुंपते. गणितावरून मुले भांडताहेत, हे दृश्य तसे दुर्मीळच!

यंत्रांनी पाठांतर बुडवले, ही ओरड आपल्याकडे जुनी आहे. पण पावकी, निमकी, दिडकी गेली ती काही गणकयंत्रामुळे नव्हे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, रुपयाचे सोळा आणे संपले आणि पावकीची रोजची गरजच सरली. पुढे १९७२ साली ह्यूलेट-पॅकार्डचे खिशात मावणारे शास्त्रीय गणकयंत्र बाजारात आले आणि काही वर्षांत अभियंत्यांची स्लाइड रूल अडगळीत गेली. तिच्यासाठी फारसे कोणी अश्रू ढाळले नाहीत.

आताची गोष्ट मात्र मला निराळी वाटते. गणकयंत्र नुसते उत्तर देत असे. ‘रीत दाखव, रीतीला गुण आहेत,’ असे बजावून मास्तर त्याच्यावर मात करीत. २०१४ साली क्रोएशियातल्या मंडळींनी ‘फोटोमॅथ’ आणले. वहीतल्या समीकरणावर कॅमेरा धरला, की पायरीपायरीने सगळी रीतच पडद्यावर! हे अ‍ॅप पुढे गुगलने घेतले. आता तर गप्पा मारणारे संगणक शाब्दिक उदाहरणेही सोडवून देतात. म्हणजे मास्तरांचा हुकमी पत्ताच यंत्राच्या हाती गेला. गृहपाठाची वही स्वच्छ, नेटकी, बिनचूक आणि मूल कोरे, असे घडणे आता अगदी सोपे झाले आहे.

ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी २०२३ च्या ‘असर’ अहवालात आहे. सुमारे नव्वद टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि तो त्यांना वापरताही येत होता. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे मात्र निम्म्याहून कमी मुलांना जमले. फोनमुळे भागाकार गेला, असा अर्थ कोणी काढू नये. पण नुसता फोन आल्याने भागाकार येत नाही, एवढे तरी त्यातून कळते.

मग हे यंत्र कशासाठी वापरावे? मार्कुस होहेनवार्टर या विद्यार्थ्याने ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात २००१ च्या सुमारास ‘जिओजेब्रा’ची सुरुवात केली. शाळांना ते फुकट मिळते. पडद्यावर कसाही वेडावाकडा चौकोन काढा, चारही बाजूंचे मध्यबिंदू ओळीने जोडा. आत समांतरभुज चौकोन तयार होतो. आता बाहेरच्या चौकोनाचा एक कोपरा धरून ओढा. बाहेरची आकृती वाटेल तशी वाकते, आतली समांतर राहण्याचा हट्ट सोडत नाही. फळ्यावर खडूने हे दाखवायचे, तर तास संपेल.

मुलांच्या तोंडून ‘असं का?’ निघायला हवे ते इथे. पडद्यावरच्या शंभर आकृत्या म्हणजे सिद्धता नव्हे. बाहेरच्या चौकोनाचा कर्ण काढावा. दोन त्रिकोण होतात, दोन्हींत मध्यबिंदूंचे प्रमेय लागू पडते आणि आतल्या समोरासमोरच्या दोन बाजू त्या एकाच कर्णाला समांतर व त्याच्या निम्म्या निघतात. एवढ्यासाठी कागद-पेन्सिल पुरते. पण ओढाताण पाहिलेल्या मुलाला तो कर्ण काढावासा वाटतो आणि फरक पडतो तो तिथेच.

शाळांमधले ‘स्मार्ट’ फळे मला त्यासाठी फारसे पटत नाहीत. पुष्कळदा त्यांच्यावर चित्रफीत लावली जाते आणि वर्ग हाताची घडी घालून बसतो. कोपरा ओढायचा मान मुलांना मिळतच नाही.

घरी पालकांना इतके करता येईल. मोबाइलने दिलेल्या रीतीतली मधलीच एक पायरी हाताने झाकावी आणि विचारावे, ‘इथे काय झालं असेल?’ स्वतःला गणित येत नसले तरी चालते, उत्तर हाताखालीच असते. मूल अडखळले, तर ती पायरी आपल्या वहीत नुसती उतरली होती, हे दोघांनाही कळते.