ताईत काढायला सांगणे सोपे आहे. रात्री दवाखान्यात थांबणार कोण?



मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका नऊ वर्षांच्या मुलाचे मोठे ऑपरेशन ठरले. मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. बाप सेंट्रिंगच्या कामावर जातो, आई चार घरची धुणीभांडी करते. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो आहे, दर पौर्णिमेला वंदना होते. ऑपरेशनच्या आठ दिवस आधी आम्ही चार-पाच कार्यकर्ते त्यांच्या घरी गेलो, तेव्हा मुलाच्या दंडाला काळ्या दोऱ्यात बांधलेला ताईत दिसला. आजीने कुठून तरी आणला होता.

आम्ही तिथेच सुरू झालो. बावीस प्रतिज्ञा काढल्या, विज्ञान काढले, 'बाबासाहेबांनी एवढे सांगितले तरी तुम्ही सुधारणार नाही' हे ठेवणीतले वाक्यही काढले. आजी खाली मान घालून बसली. मुलाच्या आईने सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाली, "दादा, ताईत आत्ता काढते. पण दवाखान्यात माझ्यासंगं रात्री कोण थांबणार, तेवढं सांगा."

आमच्याकडे उत्तर नव्हते. ताईत काढायला आम्ही पाच जण आलो होतो. रात्री थांबायला एकाचेही नाव ठरलेले नव्हते. हा लेख त्या प्रश्नातून आला आहे. चूक आमची होती हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचे वाचताना कोणाला वाटणार नाही की आम्ही वरून उपदेश करतोय.

आता मूळ मुद्दा. हे मूल असे का जन्मले, या प्रश्नाची उत्तरे त्या आईला नऊ वर्षे मिळत आली आहेत. शेजारीण म्हणते, मागच्या जन्माचे भोग. नात्यातले कोणी म्हणते, बाहेरचे काही आहे, बघून घ्या. कोणी म्हणते, गरोदरपणात ग्रहण पाहिले असेल. या सगळ्या उत्तरांचा रोख शेवटी आईवर किंवा त्या लेकरावरच येतो.

वैद्यकशास्त्र काय सांगते? जन्मापूर्वी, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतर लवकरच वाढत्या मेंदूला इजा झाली की हा विकार होतो. बाळ दिवसांच्या फार आधी जन्मणे, बाळंतपणात प्राणवायू कमी पडणे, कावीळ वाढून मेंदूपर्यंत जाणे, संसर्ग, अशी कारणे त्यामागे असू शकतात. प्रत्येक मुलात कारण सापडतेच असे नाही आणि प्रत्येक वेळी ते टाळता येतेच असेही नाही. पण यातली काही कारणे वेळेवर मिळालेल्या उपचाराने टाळता येतात, हे नक्की. मग ज्या बाईला गरोदरपणातही सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत भांडी घासावी लागतात, कळा सुरू झाल्यावर जिला एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात पाठवले जाते, तिच्या बाळाचा हिशोब मागच्या जन्माच्या खात्यावर का टाकायचा? तो याच जन्मातल्या व्यवस्थेकडे मागायला हवा.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा प्रश्न मुद्दाम हाती घेतला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की माणसाची आजची गरिबी आणि हीन अवस्था गतजन्मीच्या पापाचे फळ मानली, तर राज्य आणि समाज आपल्या जबाबदारीतून सुटतात. या सिद्धांताचा दुसरा काही उपयोग त्यांना दिसत नाही. महाकारुणिक म्हणून ओळखला जाणारा बुद्ध अशा गोष्टीला पाठिंबा देईल हे त्यांना मान्यच नाही. जातीसाठी हे आपण सगळे पाठ म्हणतो. अपंगत्वाच्या बाबतीत मात्र आपल्याच घरात 'त्याचं नशीब' हा शब्द सहज तोंडातून निघतो. जे तर्कशास्त्र आपल्याला गावकुसाबाहेर ठेवत होते, तेच या मुलाला घराच्या कोपऱ्यात ठेवते. पहिल्याला विरोध करायचा आणि दुसरे चालू द्यायचे, हे कसे जमेल?

नावाचेही तेच. गांधींनी आपल्याला 'हरिजन' म्हटले. देवाची माणसे! १९३८ साली मुंबई विधानसभेत हे नाव कायद्यात घालण्याचा प्रश्न आला तेव्हा बाबासाहेब आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य निषेध करून सभागृहाबाहेर पडले. आज अपंग माणसाला 'दिव्यांग' म्हणतात, आणि सरकारी खात्यांची नावेही तशीच आहेत. ज्यांना हा शब्द आपला वाटतो त्यांच्याशी आमचे भांडण नाही. पण ज्याला घरातून शाळेपर्यंत जायला रस्ता नाही, दवाखान्यात जायला उतार नाही, त्याला दिव्यत्व देऊन काय होणार? देवाच्या नावाने मान द्यायचा आणि माणसाच्या हक्कावर गप्प बसायचे, ही युक्ती आपण फार पूर्वी ओळखली आहे. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वे मोजली आहेत. संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये आजारपण आणि विकलांगता या अवस्थांत सार्वजनिक साहाय्याची गोष्ट लिहिलेली आहे. आपली भाषा ही असली पाहिजे.

इथपर्यंत आपल्या मंडळींना पटेल. पुढचे थोडे अवघड आहे.

ती आजी ताईत का आणते? अडाणी आहे म्हणून, असे उत्तर देऊन आपण मोकळे होतो. पण त्या घरावर काय आले होते ते पाहा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या सुमारे तीन मुलांपैकी एकाचे खुब्याचे हाड हळूहळू सांध्यातून बाहेर सरकते. या मुलाचे तसेच झाले होते. बसवले की रडायचा, लंगोट बदलताना ओरडायचा. ऑपरेशन म्हणजे मांडीचे हाड कापून, वळवून, प्लेट बसवून पुन्हा सांध्यात नीट घालायचे, ताठ झालेले स्नायू सैल करायचे, मग काही आठवडे कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर. भूल द्यायची, रक्त लागणार, जोखीम आहे, सही करा. छापील कागद समोर आला तो आईला नीट वाचता येत नव्हता. त्या कागदापुढे आजीला स्वतःच्या हाताने करण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे दोरा बांधणे. बाकी सगळे इतरांच्या हातात होते.

म्हणून भोंदूत आणि भाविकात आपण फरक केला पाहिजे. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा भोंदूला पकडण्यासाठी आहे. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य खर्च केले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. 'ऑपरेशन नको, माझ्याकडे आणा' म्हणत पैसे उकळणाऱ्याशी लढलेच पाहिजे, तिथे तडजोड नाही. पण घाबरलेली आजी हा आपला शत्रू नव्हे. रमाईंना पंढरपूरला जायचे होते. तेव्हा बाबासाहेबांनी, जे पंढरपूर आपल्या माणसाला दूर ठेवते त्याऐवजी आपण दुसरे पंढरपूर उभे करू, असे सांगितल्याची आठवण चरित्रात आहे. या दोघांनी चार लेकरे गमावली होती. तिच्या श्रद्धेची त्यांनी थट्टा केली नाही. 'दुसरे उभे करू' म्हणाले. आपण मात्र जुने मोडण्यात पटाईत झालो आणि दुसरे उभे करण्याचे काम विसरलो.

आता आपल्याच घरातले. ऑपरेशनच्या आधी या कुटुंबाने परित्राण पाठ ठेवला होता. पांढरा धागा, पाण्याचा गडवा, सगळे रीतसर. आमच्यातल्या एकाने विचारले, काळ्या दोऱ्याच्या जागी पांढरा दोरा आला, यात फरक काय? प्रश्न बरोबर आहे आणि त्याला बगल देऊ नये. पाठ म्हटल्याने हाड सांध्यात बसेल असे कोणी मानत असेल, तर तो ताईतच आहे, फक्त रंग बदललेला. पण त्या संध्याकाळी काय झाले तेही आम्ही पाहिले. चाळीसेक माणसे त्या दोन खोल्यांत आणि दारात बसली. पाठ संपल्यावर एका उपासिकेने विचारले, रक्तगट कोणता लागतो? तिथल्या तिथे सहा तरुणांनी नावे दिली. आम्ही भाषण करून जे मिळवू शकलो नव्हतो, ते तिथे मिळाले. बुद्धाने अतिसाराने मळात लोळत पडलेल्या भिक्खूला आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले आणि संघाला सांगितले की रुग्णाची सेवा ही माझीच सेवा समजा. ही कथा विनयपिटकात आहे. त्या कथेत बुद्ध मंत्र म्हणत नाहीत, पाणी आणवून स्वतः ओततात. परित्राण पाठातून पाणी आणणारे हात निघत असतील तर तो धम्म आहे. नसतील तर तो विधी.

आणि 'डॉक्टर म्हणजेच आमचा देव' हे वाक्यही आम्हाला मान्य नाही. देवाला प्रश्न विचारत नाहीत, डॉक्टरला विचारायचे असतात. कालामांना बुद्धाने सांगितले ते इथे लागू करा. बापाला वाटत होते, ऑपरेशन झाले की पोरगा चालायला लागेल. आम्ही त्यांच्याबरोबर जाऊन विचारले तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की हे चालण्यासाठी नाही, दुखणे कमी व्हावे आणि नीट बसता यावे यासाठी आहे. बाप दोन दिवस बोलला नाही. पण त्यानंतर त्याने सही केली ती समजून केली. खोट्या आशेवर घेतलेली सहीसुद्धा अंधश्रद्धाच असते.

सगळ्यात मोठी चूक वेगळीच होती, आणि ती आम्ही, डॉक्टर, घरचे अशा सर्वांनी मिळून केली. मुलाला कोणी काही सांगितलेच नव्हते. तो स्पष्ट बोलू शकत नाही, म्हणून त्याला कळत नाही असे धरून चाललो. 'फिरायला जायचंय' म्हणून त्याला नेणार होते. मुलाच्या मावशीने, जी अंगणवाडीत मदतनीस आहे, ते थांबवले. ती म्हणाली, चौथे शील लहान मुलांसाठी लागू नाही का? मग तिने बाहुलीच्या कमरेला आणि पायांना बँडेज गुंडाळून त्याला दाखवले. झोपेचे औषध देतील, उठल्यावर दुखेल, आई तिथेच असेल, पाय बरेच दिवस हलवता येणार नाहीत, सकाळी खायला मिळणार नाही. तो रडला. मग डोळ्यांनी आणि मानेने त्याने बाहुली मागितली आणि ती दवाखान्यात सोबत नेली. २०१६ च्या कायद्याचे कलम ४ सांगते की अपंग मुलांना त्यांच्याशी संबंधित सर्व बाबींत इतर मुलांच्या बरोबरीने मत मांडता आले पाहिजे आणि त्यासाठी लागणारा आधार मिळाला पाहिजे. आम्ही कायद्याचे दाखले देणारे. तो कायदा त्या मावशीने न वाचता पाळला.

काही साथी म्हणतील, हे समाजकार्य झाले, चळवळ कुठे आहे? आमचे उत्तर असे की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसते का, यासाठी आरोग्यमित्राच्या टेबलासमोर दोन दिवस उभे राहणे ही चळवळ आहे. धर्मादाय रुग्णालयांत निर्धनांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के सवलतीच्या ठेवाव्या लागतात, हे वस्तीतल्या प्रत्येक घराला माहीत करून देणे ही चळवळ आहे. अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढून देणे, बापाचा बुडालेला रोज भरून काढायला वर्गणी करणे, प्लास्टरच्या दिवसांत शाळेच्या बाईंना घरी आणणे, दाराच्या दोन पायऱ्यांवर सिमेंटचा उतार घालणे, ही चळवळ आहे. तडजोड आम्ही सुचवत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या प्रतिज्ञांतला एक शब्दही सैल करायचा नाही. पण त्या प्रतिज्ञांत सर्व प्राणिमात्रांबद्दल दया बाळगण्याचीही प्रतिज्ञा आहे. नाकारण्याच्या प्रतिज्ञा आपण दुसऱ्यांना ऐकवतो आणि करण्याच्या प्रतिज्ञा स्वतःला ऐकवायच्या विसरतो.

त्या घरासाठी आम्ही शेवटी एक वहीचे पान केले. तारीख, दिवसपाळी, रात्रपाळी, डबा कोणाचा, रिक्षा कोणाची. अकरा रात्री होत्या. दोन रात्री ठरलेली माणसे आली नाहीत, तेही त्या पानावर लिहिलेले आहे. ऑपरेशन नीट झाले. मुलगा आजही चालत नाही, चालणार नाही. पण आता खुर्चीत बसतो, बसवताना रडत नाही, आणि उतारावरून खुर्ची जोरात सोडली की हसतो.

ताईताचे काय झाले? भूल देण्याआधी अंगावरचे सगळे काढायचे असते, तेव्हा आजीनेच तो सोडला आणि कनवटीला लावला. नंतर टाकला की ठेवला, ते आम्ही विचारलेले नाही. आम्ही एवढेच पाहिले की तिसऱ्या रात्री पाळी आजीची होती आणि तिच्या शेजारी आमच्यातला एक जण खाली चटईवर झोपला होता. तुमच्या शाखेत, तुमच्या मंडळात असे वहीचे पान नसेल, तर या आठवड्यात करा. ताईताबद्दल त्यानंतर बोलू.

जय भीम!