लाईट किती दिवस घ्यायची, हे तिला कोणी विचारलं?

पोस्ट लांब आहे. पण घरात आई, बहीण, बायको, वहिनी, कोणीही बाई असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आमच्या नात्यातली एक वहिनी. चंदगड तालुक्यातलं गाव, वय 46. अंघोळ करताना छातीतली गाठ हाताला लागली. दोन महिने कोणाला बोलली नाही. मग सोनोग्राफी, बायोप्सी आणि निदान. स्तनाचा कर्करोग, सुरुवातीच्या टप्प्यातला. गाठ दोन सेंटिमीटरच्या आतली.

ऑपरेशन कुठलं करायचं याचा निर्णय हॉस्पिटलच्या व्हरांड्यात झाला. एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला तिचा नवरा, थोरला दीर आणि भाऊ. डॉक्टर म्हणाले, "पूर्णच काढून टाकूया. नुसती गाठ काढली तर नंतर महिनाभर रोज लाईट घ्यायला यावं लागेल. तुम्ही लांबची माणसं, कशाला ती कटकट?" दीर म्हणाला, "काढून टाका साहेब." पाच मिनिटांत विषय मिटला. वहिनी दहा फुटांवर बाकड्यावर फाईल मांडीवर घेऊन बसली होती. मीही तिथंच उभा होतो. वीस वर्षं लोकांना प्रश्न विचारून पोट भरतोय, पण त्या दिवशी माझ्या तोंडातून एक प्रश्न निघाला नाही.

ऑपरेशननंतर रिपोर्ट आला. काखेतल्या दोन गाठींतही आजार निघाला. म्हणजे केमो आली आणि केमोनंतर लाईटही घ्यावीच लागली. 25 सिटिंग. जी कटकट चुकवायला अख्खा स्तन काढला, ती कटकट चुकलीच नाही.

आता हिशेब बघा. तिच्या गावापासून कोल्हापूर जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर. 25 दिवसांचे साडेपाच हजार किलोमीटर होतात. मशीनखाली झोपायचं दहा-पंधरा मिनिटं आणि एसटीत बसायचं सहा-सात तास. अंगावर शाईच्या खुणा, त्या पुसतील म्हणून अंघोळीची भीती. सोबत नवरा, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, नवऱ्याला नाही.

सगळं संपल्यावर एकदा तिनं मला विचारलं, "भावजी, दुसरं काय करता आलं असतं काय हो?"

मला उत्तर माहीत नव्हतं. मग मी वाचायला लागलो, ओळखीच्या दोन-तीन डॉक्टरांचं डोकं खाल्लं. जे कळलं ते इथं लिहितोय. मी डॉक्टर नाही. ही पोस्ट वाचून कोणी आपला उपचार बदलू नये. पण प्रश्न मात्र जरूर विचारावेत.

पहिली गोष्ट. "पूर्ण काढलं की कायमचं सुटलो" ही आपल्याकडची सगळ्यात घट्ट समजूत. सुरुवातीच्या टप्प्यातल्या कर्करोगात फक्त गाठ काढून लाईट घेतलेल्या बायका आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायका, दोघींचं आयुष्यमान सारखंच निघतं. अमेरिकेत डॉ. बर्नार्ड फिशर आणि इटलीत डॉ. उम्बेर्तो वेरोनेसी यांनी अशा बायकांना वीस वर्षं तपासत ठेवलं आणि 2002 साली दोघांचेही निष्कर्ष छापून आले. ही काय कालची बातमी नाही.

दुसरी गोष्ट, तेवढीच महत्त्वाची. फिशर यांच्याच अभ्यासात गाठ काढून लाईट न घेतलेल्या बायकांपैकी 39 टक्क्यांना त्याच स्तनात आजार परत आला. लाईट घेतलेल्यांत तो आकडा 14 टक्के होता. म्हणजे स्तन वाचवायचा तर लाईट चुकवून चालत नाही. "खेड्यातली बाई सिटिंग अर्धवट सोडेल, त्यापेक्षा काढून टाकलेलं बरं," असं सर्जन म्हणतात तेव्हा त्यामागं ही काळजी असते. ती काळजी खोटी नाही. अर्धवट लाईट घेऊन वर्षा-दोन वर्षांनी परत आलेल्या बायका त्यांनी बघितलेल्या असतात.

पण इथंच माझं भांडण आहे. ती काळजी पाच आठवड्यांच्या लाईटच्या जमान्यातली आहे. तो जमाना मागं पडला.

जुनी पद्धत 25 सिटिंगची, एकूण 50 ग्रे. ग्रे म्हणजे किरणांचं माप. नंतर ब्रिटनमध्ये 15 सिटिंगमध्ये 40 ग्रे देऊन बघितलं, कॅनडात 16 सिटिंगमध्ये साडेबेचाळीस. रोजचा डोस थोडा जास्त, दिवस कमी. कॅनडाच्या अभ्यासात दहा वर्षांनी आजार परत येण्याचं प्रमाण जुन्या पद्धतीत 6.7 टक्के होतं, कमी दिवसांच्या पद्धतीत 6.2. म्हणजे फरक नाहीच. हे 2010 साली छापून आलं. 2018 साली अमेरिकेतल्या रेडिएशन तज्ज्ञांच्या संघटनेनंही सांगितलं, की संपूर्ण स्तनाला लाईट द्यायची असेल तर वय काहीही असो, केमो झालेली असो वा नसो, कमी दिवसांचीच पद्धत पसंत करा.

मग 2020 साली ब्रिटनचा 'फास्ट-फॉरवर्ड' अभ्यास आला. 97 हॉस्पिटलं, 4,096 रुग्ण. 15 सिटिंगच्या जागी फक्त 5. एक आठवडा, एकूण 26 ग्रे. पाच वर्षांनंतर आजार परतण्याचं प्रमाण 15 सिटिंगमध्ये 2.1 टक्के, 5 सिटिंगमध्ये 1.4. कोरोनात ब्रिटननं हीच पद्धत धडाधड वापरात आणली. काखेतल्या गाठींनाही लाईट द्यायची असेल तर 5 सिटिंगबाबत डॉक्टर जास्त जपून असतात आणि ते बरोबरच आहे. पण तीन आठवड्यांची पद्धत आता प्रयोग राहिलेली नाही, ती रुळलेली आहे.

परत चंदगडची एसटी पकडा. 25 सिटिंगचे साडेपाच हजार किलोमीटर. 15 सिटिंगचे 3,375. 5 सिटिंगचे 1,125. कागदावर ही आकडेमोड असते, पण त्या बाईच्या आयुष्यात ती भांगलण, दूधडेअरी, पोराची बारावी आणि सासूचं आजारपण असते. "महिनाभर यावं लागेल" हे ऐकून तिनं स्तन गमवायचा आणि "एक ते तीन आठवडे" हा पर्याय तिच्या कानावरच पडायचा नाही, याला काय म्हणायचं?

पर्याय एवढ्यावर संपत नाहीत. पन्नाशीच्या पुढची बाई, लहान गाठ, काख स्वच्छ, असं असेल तर निवडक रुग्णांत पूर्ण स्तनाऐवजी फक्त गाठीच्या जागेभोवती लाईट देता येते. वय 65 च्या पुढं, गाठ तीन सेंटिमीटरपर्यंत, काखेत काही नाही, आजार हार्मोनवर वाढणारा आणि पाच वर्षं गोळ्या घेण्याची तयारी, अशा बायकांत लाईट न घेण्याचाही विचार होतो. 2023 साली आलेल्या निष्कर्षात अशा बायकांपैकी लाईट न घेतलेल्या 9.5 टक्क्यांना त्याच स्तनात दहा वर्षांत आजार परत आला, घेतलेल्यांत 0.9 टक्के. जगण्याचं प्रमाण मात्र दोन्हीकडं 81 टक्क्यांच्या आसपास. कोणी म्हणेल, नको ती लाईट. कोणी म्हणेल, धाकधूक नको, घेऊन टाकते. दोघीही बरोबर. फक्त ते तिनं ठरवायचं, दिरानं नाही.

उलट बाजूही सांगतो. वय कमी असेल तर गाठीच्या जागेला जादा डोस द्यावा लागतो, मग 15 ची 19-20 सिटिंग होतात. आजार डाव्या बाजूला असेल तर हृदय वाचवण्यासाठी श्वास रोखून लाईट देण्याची पद्धत आहे, ती प्रत्येक मशीनवर होत नाही. काही बायकांना पूर्ण स्तन काढणं खरंच गरजेचं असतं. काही जणी सगळं समजून घेऊन तेच निवडतात, त्यांना माझा नमस्कार. आमच्या वहिनीचा उपचार चुकला असंही मी म्हणत नाही. कदाचित तिच्यासाठी तेच योग्य होतं. माझी तक्रार एवढीच, की तिला विचारलं नाही.

आणि विचारणं हा उपकार नाही, कायदा आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा हा खटला, सुप्रीम कोर्ट, 2008. पेशंट भुलीत असताना तिच्या आईच्या संमतीवर डॉक्टरांनी गर्भाशय काढलं. कोर्टानं सांगितलं, सज्ञान बाईच्या शरीराचा निर्णय तिचाच, जिवावरचा प्रसंग नसेल तर आईची संमती चालणार नाही. संमती घेताना उपचार काय, फायदा काय, धोका काय आणि दुसरे पर्याय काय, हे सांगितलंच पाहिजे. आईची संमती चालत नाही तिथं दिराची कशी चालते? आपल्याकडं संमती म्हणजे इंग्रजी छापील कागद आणि "इथं सही करा, इथं अंगठा."

डॉक्टर मंडळी चिडतील. ओपीडीत शंभर पेशंट, वेळ कुठाय? मान्य. म्हणून तर लिहिलेला कागद पाहिजे. "बायकांना कळत नाही" असंही कोणी म्हणेल. बचत गटाचं व्याज पैशापैशानं सांगणाऱ्या, उसाच्या बिलातली कपात बोटावर मोजणाऱ्या बायका आहेत या. त्यांना 25 आणि 15 मधला फरक कळत नाही? आणि एक कडू प्रश्न. जिथं बिल सिटिंगवर लागतं, तिथं 25 ची 15 झाली तर घाटा कोणाचा? सगळे असा विचार करतात असं मी म्हणत नाही. पण हा संशय राहू द्यायचा नसेल तर आपण कुठल्या पेशंटला किती सिटिंग देतो आणि का, हे उघडपणे लिहा.

आमच्या धंद्यालाही सोडत नाही. ऑक्टोबर आला की गुलाबी टी-शर्ट घालून निघालेल्या रॅलीचे फोटो आम्ही चार कॉलममध्ये छापतो. पाहुण्यांची नावं अर्धा कॉलम. गाठ सापडल्यावर पुढं काय, यावर चार ओळी नाहीत. आणि घरात तर आपण 'स्तन' हा शब्दही उच्चारत नाही. ज्या अवयवाचं नाव घ्यायला लाज वाटते, तो काढायचा निर्णय मात्र पाच मिनिटांत घेतो.

पूर्वी महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडून टाटाला जाण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आज कोल्हापूर आणि मिरजेत रेडिएशनची सोय आहे. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण हॉस्पिटलचं बिल भागलं तरी बुडालेली मजुरी आणि कोल्हापुरातला मुक्काम कोण बघणार? शेंडा पार्कातल्या सरकारी कॅन्सर हॉस्पिटलच्या घोषणा ऐकल्या, आनंद झाला. तिथं नुसती इमारत आणि मशीन नको.

म्हणून मागण्या. आमदार, मंत्री, डॉक्टरांच्या संघटना, सगळ्यांनी वाचाव्यात.

1. ऑपरेशन ठरवण्याआधी बाईची सर्जनबरोबर रेडिएशनच्या डॉक्टरांशीही भेट व्हावी. ऑपरेशन झाल्यावर पर्याय सांगून काय उपयोग?
2. सगळे पर्याय, सिटिंगची संख्या आणि दुष्परिणाम यांचा एक पानी मराठी कागद तिच्या हातात द्यावा. विचार करायला चार दिवस द्यावेत.
3. 25 सिटिंग द्यायची असतील तर कारण केसपेपरवर लिहावं.
4. तालुक्यातून येणाऱ्या बाईला आणि सोबतच्या माणसाला लाईट संपेपर्यंत राहायची मोफत सोय.

चौथ्या मागणीला "पैसे नाहीत" म्हणून कोणी सांगू नये. याच गावात राजर्षी शाहूंनी 1901 पासून एकामागून एक बोर्डिंगं उभी केली. खेड्यातलं पोर लांबून येतं, राहायला जागा नाही म्हणून त्याची शाळा सुटू नये, एवढा साधा विचार होता तो. आपण सरकारी मेडिकल कॉलेजला महाराजांचं नाव दिलं. मग चंदगड, आजरा, गगनबावडा, शाहूवाडीच्या बाईची लाईट राहायला जागा नाही म्हणून सुटू नये, एवढा विचार आपल्याला जमत नाही?

आणि बायांनो, उद्या वेळ आलीच तर हे पाच प्रश्न लिहून घेऊन जा. माझा स्तन वाचू शकतो का? पूर्ण काढला तरी लाईट लागू शकते का? मला 15 किंवा 5 सिटिंग चालतील का, नसतील तर का? डाव्या बाजूचं असेल तर हृदय कसं वाचवणार? लाईट घेतलीच नाही तर धोका किती वाढतो? प्रश्न तुम्ही स्वतः विचारा. आणि डॉक्टर उत्तर तुमच्या नवऱ्याकडं बघून द्यायला लागले तर सांगा, "साहेब, आजार मला झालाय, माझ्याशी बोला."

वहिनी आता बरी आहे. गोळ्या चालू आहेत, शेतात जाते. तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी तिला अजून पूर्ण दिलेलं नाही. "हो वैनी, विचारता तरी आलं असतं," हे तोंडावर सांगायचं धाडस होत नाही. म्हणून इथं लिहिलं.

पटलं तर गावच्या ग्रुपवर, बचत गटाच्या ग्रुपवर पाठवा. नाव माझं नाही टाकलं तरी चालेल.